साखरेची पाठवणी

'शर्करा' हा शब्द आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ वर्गात शिकविला. मुळात त्याचा अर्थ वाळू किंवा बारीक खडे. पुढे उसाच्या रसापासून होणाऱ्या स्फटिकांस तेच नाव पडले, आणि मग हा शब्द फारशीत शकर, अरबीत सुक्कर व युरोपातील भाषांत थोड्याफार फरकाने शुगर, सुक्र, झुकर अशी रूपे घेत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. हे सांगताना आम्ही नेहमी अशी पुस्ती जोडीत असू की, ही आपल्या देशाची एक फार जुनी निर्यात होय, आणि तिच्यापायी सरकारी तिजोरीतून एक कवडीही खर्ची पडली नाही. मुले हसत. त्या काळी हा आमचा केवळ विनोद होता. पुढे प्रत्यक्ष साखरेच्या निर्यातीनेच आमच्या घरात प्रवेश केला आणि आमच्या सहीसाठी एक कागद पुढे ठेविला, तेव्हा त्या विनोदाची किंमत आम्हांस कळली. ती हकीकत सांगण्याचा हेतू एवढाच की, सरकारच्या अर्थकारणातील निर्णय वर्तमानपत्रात कितीही दूरचे वाटले, तरी ते अखेर कोणाच्या तरी ओसरीवर येऊन बसतात.

आमचे घर लातूर जिल्ह्यातील एका लहानशा गावी, मांजरेच्या खोऱ्यात. कुळकायद्यानंतर वडिलांकडे सात एकर काळी जमीन उरली. आम्ही मॅट्रिक होऊन पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले व शेजारच्या गावी मास्तर झालो. शेती धाकट्या बंधूंनी सांभाळिली. चूल आजतागायत एकच आहे, आणि सातबाऱ्यावर नावे दोघांची आहेत. जवळपास साखर कारखाना उभा राहिल्यावर बंधूंनी चार एकरांत ऊस लाविला. उरलेल्या तीन एकरांत ज्वारी, तूर, हरभरा हीच जुनी पिके चालू राहिली. त्या तुकड्यावर आमच्या मातोश्रींचा फार जीव होता. घरचे धान्य व घरची डाळ ही कुलवंत घराची अब्रू, असे त्या म्हणत.

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. आमची थोरली कन्या लातूर शहरात सासरी आहे. तिच्याकडे नळास पाणी येणे बंद झाले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती दंगे होऊ नयेत म्हणून त्या मार्चमध्ये जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीस दहा टाक्यांचे डबे होते, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती गाडी पाहावयास लोक स्थानकावर जमले, जणू एखादी पालखीच येत होती. कन्या दोन लेकरांस घेऊन आमच्याकडे राहावयास आली. आमच्या विहिरीस तेव्हा घागर बुडेल एवढे पाणी होते, आणि त्याच विहिरीवर चार एकर ऊस जगविण्याची बंधूंची धडपड चालली होती. ते दृश्य आम्ही रोज पाहत होतो. पण त्यावर एक अक्षर आम्ही बोललो नाही.

त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला. डाळी महाग झाल्या होत्या, म्हणून तूर पेरा, असा उपदेश चहूकडून होत होता. बंधूंनी तीन एकरांत तूर पेरली व ती भरघोस आली. परंतु सर्वांचीच भरघोस आल्यामुळे २०१७ च्या आरंभी बाजारातील भाव सरकारने जाहीर केलेल्या क्विंटलास ५,०५० रुपये या आधारभावाच्याही खाली घसरला. खरेदीकेंद्रावर पोत्यांच्या रांगा, बारदानाचा तुटवडा, आणि रात्री राखणीस मुक्काम! बाहेरच्या देशांत ती तूर पाठवावी म्हटले, तर डाळींच्या निर्यातीस काही अपवाद वगळता २००६ पासून बंदी होती. ती २०१७ च्या उत्तरार्धात उठली, म्हणजे शेतकऱ्याने तूर मातीमोल विकून टाकल्यावर. बंधू त्या दिवसापासून म्हणू लागले, "दादा, ज्या पिकाला वाली नाही ते पेरू नये."

उसाला मात्र वाली होता. उसाचा दर कायद्याने ठरतो, आणि ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्याने त्यावर शेकडा पंधरा व्याज द्यावे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. पण नियम कागदावर आणि पैसा गोदामात, अशी स्थिती लवकरच आली. २०१७-१८ च्या हंगामात देशात सुमारे सव्वातीनशे लाख टन साखर झाली. वर्षाचा खप अडीचशे लाख टनांच्या आसपास. साखर पडून राहिली, तिचा भाव उतरला, कारखान्यांपाशी पैसा उरला नाही. आमचे जानेवारी २०१९ चे बिल आम्हांस ऑगस्टात मिळाले. मध्यंतरी पुतण्याच्या शिक्षणाचे शुल्क आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून भरिले. एकत्र कुटुंबात त्याचा उच्चार कोणी करीत नाही. पण बंधू त्या दिवसांत आमच्या पंक्तीस बसण्याचे टाळीत, हे आमच्या ध्यानात आले होते.

सरकारने या संकटावर एकामागून एक उपाय योजिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये परदेशी साखरेवरील आयात कर शेकडा शंभर केला. जूनमध्ये कारखान्याने किलोस २९ रुपयांहून कमी दराने साखर विकू नये असे ठरविले, आणि पुढील फेब्रुवारीत तो दर ३१ रुपये केला. निर्यातीसाठी बंदरापर्यंतच्या वाहतुकीस साहाय्य दिले. आणि २८ ऑगस्ट २०१९ रोजी मंत्रिमंडळाने निर्णय केला की, साठ लाख टन साखर परदेशी पाठविण्यासाठी टनास १०,४४८ रुपये अनुदान द्यावयाचे. एकूण अंदाज ६,२६८ कोटी रुपयांचा. ही रक्कम आधी शेतकऱ्यांच्या थकलेल्या बिलांपोटी त्यांच्या खात्यांत जमा व्हावी, अशी तजवीजही त्यात होती. बंधूंना हा निर्णय म्हणजे साक्षात् वरदान वाटला. त्या दिवाळीत, भाऊबीजेचे ताट उचलले गेल्यावर, त्यांनी एक कागद आमच्यापुढे ठेविला. तीन एकरांच्या तुकड्यात बोअर घ्यावयाची, तेथेही उसाची लागण करावयाची, आणि त्यासाठी सोसायटीचे साडेतीन लाखांचे कर्ज काढावयाचे; त्यावर आमची सही हवी होती.

आम्ही मास्तर. सही करण्याऐवजी पाटी मागविली.

आम्ही म्हणालो, "परदेशी बाजारात आज साखरेचा भाव किलोस वीस रुपयांच्या आसपास आहे. आपल्याकडे एकतिसाच्या खाली विकावयाची नाही. मध्ये अंतर पडले दहा-अकरा रुपयांचे. सरकारचे टनास १०,४४८ म्हणजे किलोस सुमारे साडेदहा रुपये. म्हणजे बाहेरच्या माणसाने आपली साखर वीस रुपयांत खावी यासाठी साडेदहा रुपये आपण द्यावयाचे. ते आपण म्हणजे कोण? एकशेपस्तीस कोटी माणसांत वाटले, तर माणशी पंचेचाळीस रुपयांहून अधिक. शिवाय तीच साखर आपल्या सुनांनी वाण्याकडून आणावयाची ती चढ्या भावाने, कारण उरलेला साठा बाहेर गेला व परदेशी साखरेस दाराशी कर बसविला. माल आपला, आणि तो कोणी न्यावा म्हणून वर पैसेही आपलेच. अशा पाठवणीला आपल्या घरांत एक जुने, लाजिरवाणे नाव आहे."

आमचा उत्साह वाढला. इंग्लंडात १६८९ साली धान्य बाहेर धाडणाऱ्यास सरकारी बक्षिसी देण्याची चाल पडली होती. अॅडम स्मिथ या पंडिताने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, अशा बक्षिसीने प्रजेवर एक नव्हे, दोन कर बसतात, एक बक्षिसीसाठी व दुसरा महागलेल्या धान्याचा. आम्ही तेही सांगितले. कौटिल्य पण्याध्यक्षास बजावतो की, परदेशी माल धाडताना जकात, वाटखर्च, नावेचे भाडे व लोकांची शिधासामग्री वजा जाता काही लाभ उरतो की नाही, हे आधी पाहावे, तेही सांगितले. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, गेल्या शतकाच्या आधी जर्मनी व ऑस्ट्रिया ही राष्ट्रे आपल्या बीटच्या साखरेस अशीच बक्षिसी देत. ती स्वस्त साखर हिंदुस्थानच्या बंदरांत येऊन येथील साखर व गूळ बुडवू लागली, म्हणून लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १८९९ साली हिंदुस्थान सरकारने तिच्यावर बक्षिसीइतका जादा कर बसविला. पुढे १९०२ साली ब्रुसेल्स येथे राष्ट्रांचा करार होऊन त्या बक्षिसीचा शेवट झाला. म्हणजे एके काळी ज्या गोष्टीबद्दल आपण तक्रार केली, तीच आता आपण करू लागलो. आणि २०१९ च्या आरंभी ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे आपल्याविरुद्ध तशीच तक्रार गुदरली.

बंधू मान खाली घालून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "दादा, उभा ऊस कपाटात ठेवता येत नाही. साखर गोदामातून हलली नाही, तर माझे बिल हलत नाही. ती वीस रुपयांना कोण खातो, याच्याशी मला काय करावयाचे?"

या उत्तरात खोटे काही नव्हते. तरीही आम्ही पुढे बोलणार होतो, तोच माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या भावजय म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? आपण शाळेत संस्कृत शिकविलेत. दर वर्षी मुले कमी होत गेली, असे आपणच सांगता. मग संस्कृताचा भाव पडला म्हणून सरकारने आपला पगार कधी थकविला का? निवृत्तिवेतन पहिल्या तारखेस येते ना?"

ओसरीवर कोणी हसले नाही. आम्ही पाटी पुसली आणि सही केली.

त्या सहीचा पश्चात्ताप करावा की तिचे समर्थन, हे आजही आम्हांस नीट ठरविता येत नाही; म्हणून पुढे जे घडले तेवढेच क्रमाने सांगतो. पाचशे फुटांवर बोअरला दोन इंची पाणी लागले. २०२० च्या जानेवारीत लागण झाली. त्या हंगामात देशातून सुमारे साठ लाख टन साखर बाहेर गेली. पुढील हंगामासाठी डिसेंबर २०२० मध्ये अनुदान टनास ६,००० रुपये ठरले, व मे २०२१ मध्ये ते ४,००० वर आले. कारण ब्राझीलमध्ये अवर्षण पडून जगातील भाव वर चढले होते. नव्या तुकड्यातील पहिले पीक उत्तम उतरले, बिलही फारसे रखडले नाही. बंधू पुन्हा पंक्तीस बसू लागले, याचा आम्हांस मनापासून आनंद झाला.

२०२१-२२ साली अनुदान नव्हते, तरीही सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली. जगात भाव असेल तर माल आपल्या पायांनी जातो, हे सिद्ध झाले. पण तोवर मराठवाड्यात आमच्यासारख्याच असंख्य घरांनी तसेच कागद सही केले होते. ऊस एवढा झाला की, कारखान्यांस तो आटपेना. मे महिना उजाडला तरी आमचा खोडवा उभाच. उसास तुरे आले, वजन घटले, तोडणीच्या टोळीस वरकड रक्कम मोजावी लागली, तेव्हा कोठे तो तुटला. आणि १ जून २०२२ पासून सरकारने निर्यातीवर मर्यादा घातली. देशात साखर महाग होऊ नये, हा हेतू. २०२३-२४ च्या हंगामात तर निर्यात बंदच राहिली. ज्या सरकारने चार वर्षांपूर्वी साखर बाहेर न्यावी म्हणून पैसे दिले, त्याच सरकारने ती बाहेर जाऊ नये म्हणून दार लावले. दोन्ही वेळी सरकारचे कारण आपापल्या जागी समजण्याजोगे होते. परंतु बोअरचे कर्ज सात वर्षांचे आणि सरकारचे धोरण दोन-तीन वर्षांचे, हा मेळ कसा बसावा?

तिकडे डिसेंबर २०२१ मध्ये व्यापार संघटनेच्या पंचांनी निकाल आपल्याविरुद्ध दिला. आपण अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून सभासदांअभावी बंद पडलेले. त्यामुळे तो तंटा तसाच लोंबकळत राहिला. आमच्या घरचा निकाल मात्र निसर्गाने दिला. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. बोअरचे पाणी आधी तासावर आले, मग घटकेवर, मग नुसती हवा येऊ लागली. तीन एकरांतील नवी लागण चाऱ्यासाठी कापून द्यावी लागली. कर्जाचे राहिलेले हप्ते आम्ही निवृत्तिवेतनातून भरतो. भावजयींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे महिन्याच्या महिन्यास देत आहोत.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही पुन्हा पाटी घेतली, पण या वेळी कोणास शिकविण्यासाठी नव्हे. किलोभर साखरेमागे आपल्याकडे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे टनास पंधरा ते वीस लाख लिटर. मिरजेहून आलेल्या त्या पहिल्या आगगाडीत पाणी होते पाच लाख लिटर, म्हणजे पन्नास किलोंच्या पाच-सात पोती साखरेपुरते! आम्ही हिशेब दोनदा तपासून पाहिला. परदेशी गेलेली सारी साखर काही मराठवाड्याची नव्हती, हे खरे; तथापि एक टन साखर जहाजावर चढते, तेव्हा तिच्यासोबत अशा तीन-चार आगगाड्या पाणी जाते, आणि त्या पाण्याची किंमत कोणत्याही बिलात लिहिलेली नसते. २०१९ च्या दिवाळीत आम्ही रुपयांचा हिशेब मांडला, पण हा मांडला नाही. वास्तविक तो आमच्या विहिरीत डोकावून दिसण्याजोगा होता.

मग सरकारने शेतकऱ्यास साहाय्य करूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने तसे म्हणणे शोभणारही नाही. एकत्र कुटुंबात एका भावाचे वर्ष बुडाले, तर सामायिक पेटीतून त्यास द्यावेच लागते. परंतु वडीलधारा शहाणा असेल, तर तो दोन गोष्टी पाहतो. एक, दिलेली रक्कम वहीत स्पष्ट लिहितो. ती मालाच्या किमतीत दडवीत नाही. दुसरी, ज्या व्यवहारात भाऊ बुडाला, तोच व्यवहार दुप्पट करण्याची अट तो मदतीस घालीत नाही. निर्यातीचे अनुदान नेमके हेच करते. जो अधिक ऊस लावील, त्याचाच ऊस अखेर निभावला जाईल, असा संदेश ते गावोगाव पोहोचविते. आणि जो ज्वारी-तूर पेरून पाणी राखतो, त्यास काहीच मिळत नाही. त्याच सहा हजार कोटींतून शेतकऱ्यास थेट एकरकमी देऊन, अमुक एकर उसाऐवजी दुसरे पीक घे, ते आम्ही आधारभावाने खरेच घेऊ, असे वचन दिले असते, तर आमच्या बंधूंनी बोअर घेतली नसती, याबद्दल आम्हांस शंका नाही. मदत माणसास करावी. पिकास करू नये.

हे आम्ही बंधूंना अलीकडे बोलून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले. तीन एकरांत आता पुन्हा तूर व ज्वारी आहे. परंतु २०२५ च्या आरंभी तूर निघाली, तेव्हा बाजारातील भाव ७,५५० रुपयांच्या आधारभावाखाली गेला होता, बाहेरून येणारी तूर करमुक्त होती. आणि त्याच जानेवारीत सरकारने दहा लाख टन साखरेच्या निर्यातीस पुन्हा परवानगी दिली. वर्तमानपत्र खाली ठेवून बंधू म्हणाले, "दादा, तुमचा हिशेब पटला. आता पुढच्या वर्षी काय पेरू, तेवढे सांगा."

आम्हांस उत्तर देता आले नाही. उत्तर देण्याचा अधिकारही आमचा नव्हे. तो ज्यांच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्यांचा. आम्ही एवढेच म्हणालो, की या वेळी जे काही ठरेल ते ओसरीवर सर्वांनी बसून ठरवू, आणि भावजयींनाही दाराशी उभे न ठेवता पाटीजवळ बसवू. बंधू हसले. आतून चहा आला. त्यात साखर नेहमीप्रमाणेच होती. पण कप उचलताना आमची दृष्टी, का कोण जाणे, अंगणापलीकडच्या विहिरीकडे गेली.